काचेतलीच द्या

अण्णा, तुमचा चॉकलेटी स्वेटर मी घेतला आहे.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि आईंनी तुमचं कपाट उघडून ज्याला जे हवं ते न्या म्हणून सांगितलं. राहुलने तुमचं मनगटी घड्याळ घेतलं. मी स्वेटर मागितला तेव्हा का, कशाला, असं कोणीच विचारलं नाही. आई हसल्या. तुम्ही गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, ने बाई, तुझ्या त्या काचेतल्या बाईनंतर त्याच्यावर तुझाच हक्क आहे.

मला तो ढगळ होतो. बाह्या दुमडाव्या लागतात, आणि उन्हात टाकला तरी लवंगेचा वास जात नाही. पाठीवर एक टाका ओढला गेलेला आहे, त्यात माझी करंगळी जाते. आईंनीच विणलेला स्वेटर, त्या तो टाका बसवून देते म्हणत राहिल्या आणि तुम्ही शेवटपर्यंत हात लावू दिला नाहीत. पाहुण्यांसमोर मुद्दाम पाठ करून बसायचात. कोणी विचारलंच, तर सुनेच्या टाचणीने ओढला गेला एवढंच सांगून चहा प्यायला लागायचात, म्हणजे पुढची सगळी गोष्ट मला सांगावी लागायची.

आता तुम्ही नाही म्हणून लिहायला बसले आहे. आणि एक भांडण राहिलं आहे म्हणूनही. तुम्ही मला एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारत होता. हॉस्पिटलातही विचारलात. त्याचं तुम्हाला पटेल असं उत्तर माझ्याकडे कधीच नव्हतं, आणि तुम्हाला उत्तराशिवाय पाठवलं याची मला फार रुखरुख लागून राहिली होती. परवापर्यंत.

तुम्ही माझे सासरे व्हायच्या आधीची गोष्ट आठवते? राहुल मला तुमच्या विश्रांतवाडीच्या घरी पहिल्यांदा घेऊन आला होता. आईंनी पोहे केले होते, आणि तुम्ही सरकारी कचेरीत अर्जदाराला विचारावं तसं मला विचारलंत, आपण काय करता? मी म्हणाले, व्हिज्युअल मर्चंडायझर आहे. तुम्ही म्हणालात, मराठीत सांगा. मी जमेल तसं सांगितलं. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केलाय, कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी आहे, दुकानाची दर्शनी काच सजवायची, कुठला कपडा कुठे मांडायचा, उजेड कसा पाडायचा, हे ठरवायचं.

"म्हणजे बाहुल्यांना कपडे घालता," तुम्ही म्हणालात.

"हो."

"आणि काढतं कोण?"

"मीच. दर पंधरा दिवसांनी नवीन घालायचे असतात."

तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवून राहुलकडे बघितलंत आणि म्हणालात, "कपडे घालायचे, काढायचे, परत घालायचे. हे काम कधी संपणार नाही. नोकरी पक्की आहे, हो म्हण."

मला तेव्हा कळलंच नाही की तुम्ही थट्टा करताय की होकार देताय. लग्नानंतर हळूहळू समजलं की तुमच्याकडे दोन्ही एकाच वाक्यात यायचं. रोज संध्याकाळी मी घरी आले की तुम्ही विचारायचात, तुझ्या बायका काय म्हणतात? दुकानातले सगळे त्यांना डमी म्हणायचे, तुम्ही बायकाच म्हणालात. एकीचा हात तुटला म्हणून मी वैतागून सांगितलं, तर तुम्ही आईंना म्हणालात, आज हिच्या एका बाईला मार लागला, हिला चहा दे. आणि पाहुणे आले की माझी ओळख, ही आमची सून, ही दिवसभर काम करते आणि कोणी तिच्याशी बोलत नाही. मी चिडायचे, अण्णा. पण सकाळी डमीचे हात काढून, साडी नेसवून, मागून टाचण्या लावताना मला तुमचं वाक्य आठवायचं आणि मी एकटीच त्या काचेच्या खोक्यात हसायचे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

आता ती गोष्ट. ती तुम्ही शंभर जणांना तुमच्या बाजूने सांगितली आहे, आज माझ्या बाजूने ऐका.

मी नोकरीत कायम होणार की नाही, हे ठरायचा दिवस होता. नगर रोडवरचं आमचं दुकान तेव्हा नवीन होतं आणि मुख्य काच पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात दिली होती. दुपारी हेड ऑफिसच्या मोठ्या मॅडम बघायला यायच्या होत्या. मी मधोमध एकच डमी ठेवली होती, गर्द जांभळी इरकल नेसवून, मागे साधी मातकट भिंत, बाकी काही नाही. रिकामी जागा सोडायला धीर लागतो. मॅनेजर दोनदा येऊन मला म्हणाले होते, बाजूला थोडे ड्रेस लावा ना, काच रिकामी वाटते. मी लावले नाहीत. एका निरीतही चूक नव्हती. मी खूश होते, आणि डबा खायला वर गेले.

त्या दिवशी तुमच्या लग्नाचा वाढदिवस होता, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही बस बदलत येरवड्यापर्यंत आलात, तिथून चालत दुकानात आलात, आणि काउंटरवर सांगितलंत, ती जांभळी द्या. तिथल्या मुलीने कपाटातून तीच साडी काढली, तोच रंग, तेच काठ, पाकिटात घडी घातलेली. तुम्ही हातही लावला नाहीत. म्हणालात, "आतली नको. काचेतलीच द्या."

तिने सांगितलं की दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्यात, एकच आहेत. तुम्ही म्हणालात की तुम्ही जन्मभर कचेरीत बसलेला माणूस आहात, दाखवायचं एक आणि हातात ठेवायचं एक, हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. काचेत ठेवता ते सगळ्यात चांगलं असणार, नाहीतर काचेत का ठेवाल? मॅनेजर आले. गिऱ्हाईक तयार, आणि काचेत एकच साडी. त्यांनी दोन माणसं पाठवली आणि साडी उतरवली. ब्लाउजपीस त्या साडीचाच होता, मी तो टाचण्यांनी अंगावर बसवला होता, तोही निघाला. हात काढल्याशिवाय काही सुटत नाही म्हणून त्यांनी हातही काढले आणि बाजूला टाकले.

मी खाली आले तेव्हा दुकानासमोर ही गर्दी. माझ्या मातकट भिंतीपुढे, डमीच्या दोन सुट्या हातांच्या शेजारी, तुम्ही उभे. पायात नुसते मोजे, बूट बाहेर नीट जोडीने काढून ठेवलेले. तुम्ही त्या बाईला स्वतःचा स्वेटर घालत होतात. खाली दुकानातलं पांढरं कापड गुंडाळून गाठ मारली होतीत, वरून स्वेटर खांद्यावर टाकून एकेक बटण लावत होतात, मान दुसरीकडे वळवून. माझी एक टाचणी तिच्या पाठीला तशीच राहिली होती, तिच्यात लोकर अडकली आणि तुम्ही ओढलीत. तोच हा टाका.

मी काच वाजवली. तुम्ही आतून म्हणालात, "भर रस्त्यावर बाईला असं उभं करतात का?" काचेमुळे मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

आणि मागून मोठ्या मॅडम आल्या.

मी त्यांना तुम्ही कोण हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कोणी विक्षिप्त गिऱ्हाईक म्हणून निभावून गेलं असतं. पण तुम्ही मोज्यांवर बाहेर आलात, साडीची पिशवी छातीशी धरून, आणि मला म्हणालात, "प्रज्ञा, काच छान झाली होती. म्हणून तर घेतली." मग काय लपवणार? मी म्हणाले, हे माझे सासरे. मॅडमनी तुमच्याकडे बघितलं, त्या स्वेटरवाल्या बाईकडे बघितलं, बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. त्यांनी ओठ दाबले, हसल्या मात्र नाहीत. माझं कायम होणं मात्र पुढच्या खेपेवर गेलं. आणि आठवड्यात काउंटरमागे पाटी लागली, काचेत मांडलेल्या वस्तू मागू नयेत.

त्या पाटीचा तुम्हाला केवढा अभिमान! घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, पुण्यात पाट्या ढिगाने आहेत, पण माझ्या एकट्यासाठी लावलेली ही एकच. दोघा-तिघांना तर बसने दाखवायलाही आणलंत. आईंनी ती इरकल वाढदिवसाच्याच संध्याकाळी नेसली होती, आणि काचेतली विकायची नसते असं मी म्हणाले तेव्हा तुम्ही मला विचारलंत, माझ्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे बघून, अगदी मनापासून विचारलंत, "विकायची नाही तर लावता कशाला?"

तिथून भांडण सुरू झालं. मी म्हणायचे, काच बघून माणूस आत येतो, आतलं घेतो. तुम्ही म्हणायचात, मी काच बघून आत आलो, मला काचेतलं हवं होतं. मी म्हणायचे, उन्हाने रंग उडतो, टाचण्यांची भोकं पडतात, ती विकणं बरोबर नाही. तुम्ही म्हणायचात, मग लोकांना खराब होणारी वस्तू दाखवता का? जेवताना, टीव्ही बघताना, भाजी निवडताना. राहुल उठून जायचा. आई म्हणायच्या, तुमचं दोघांचं चालू द्या, मी वरण गरम करते.

आणि तरी अण्णा, मी पुन्हा मुख्य काच करायला घेतली तेव्हा समोरच्या बसथांब्यावर कोण येऊन बसलं होतं? मी तुम्हाला बोलावलंच होतं. म्हटलं, एवढं बोलता तर बसा आणि सांगा लोक काय बघतात. तुम्ही पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन आलात आणि मला फोनवर खबर देत राहिलात. एक माणूस थांबला. भांग पाडला. गेला. मग एक मुलगी थांबली, स्कार्फ नीट केला, गेली. तुझ्या बाईकडे कोणी बघत नाही, सगळे स्वतःकडे बघतायत.

मी धावत रस्ता ओलांडून तुमच्या शेजारी येऊन बसले. खरंच, दुपारच्या उन्हात त्या काचेचा नुसता आरसा होत होता. मी आतून बघत होते, मला कसं कळणार? मग मागची भिंत बदलली, आतला उजेड वाढवला, डमी पुढे घेतली. तुम्ही थांब्यावरून हाताने खुणा करत होतात, अजून पुढे, अजून. त्या वेळी मी कायम झाले. तुम्ही पेढे आणलेत आणि वाटताना सगळ्यांना सांगितलंत की काम मुलीचं, पण बसून मी होतो.

एक गोष्ट तुमच्याशी कधी बोलले नाही. माझे मामा आले होते आपल्याकडे, आणि जेवताना म्हणाले की एवढी शिकलेली पोरगी पुतळ्यांना कपडे घालते, हिला परीक्षेला बसवा, सरकारी नोकरीत चिकटवा. मला वाटलं आता तुम्ही त्यांना साथ देणार. रोजचीच थट्टा, त्यात एक जोडीदार मिळाला. तुम्ही भाताचा घास संपवलात, पाणी प्यायलात.

"सरकारी नोकरी मी केली," तुम्ही म्हणालात. "निवृत्त होईपर्यंत एक दिवस लेट मार्क नाही. कोणी थांबून बघितलं नाही. हिच्या कामापुढे माणसं गाडी थांबवतात."

मग मामांना आणखी आमटी वाढलीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि आईंनी मला कांदा चिरायला दिला, म्हणजे कोणी विचारलं तर कारण असावं. तुमचे त्याबद्दल आभार मानायचे राहिले. आज मानते. घरात माझ्या नोकरीची थट्टा करायचा हक्क तुम्ही एकट्याने स्वतःकडे ठेवलात, आणि दुसऱ्या कोणाला करू दिली नाहीत. मी आज शहरातल्या आमच्या सगळ्या दुकानांच्या काचा बघते, हाताखाली मुली आहेत, आणि त्यातली कोणी घरून रडून आली तर मला पहिल्यांदा तो आमटीचा वाडगा आठवतो.

हॉस्पिटलात तुम्हाला खाली एक्सरेला नेत होतो. वाटेत औषधाच्या दुकानाच्या काचेत पावडरचे डबे मनोऱ्यासारखे रचून ठेवलेले. तुम्ही व्हीलचेअर थांबवायला लावलीत. म्हणालात, सगळे रिकामे आहेत, बघ, एक हलवून बघ. मी दुकानदाराला विचारलं, खरंच रिकामे होते. तुम्हाला एवढा आनंद झाला की सलाईनचा हात वर गेला. "विकायचे नाहीत. मग लावले कशाला?"

मी म्हणाले, "घरी चला, मग सांगते."

"म्हणजे उत्तर नाही," तुम्ही म्हणालात आणि पुढे चला म्हणून खूण केलीत. घरी आलाच नाहीत.

तर परवाची गोष्ट. तुम्ही गेल्यानंतर मी पहिल्यांदाच काच करायला घेतली, तीच नगर रोडची. मुलींना म्हटलं, ही मी करते. सकाळची थंडी होती, तुमचा स्वेटर अंगात होता. मधोमध एकच डमी, हिरवी पैठणी काठाची साडी, मागे मातकट भिंत. रिकामी जागा सोडली. दुपारी मी आत काउंटरपाशी होते आणि एक आजी आल्या. मांजरी गावाहून आलेल्या, हातात बसचं तिकीट अजून तसंच धरलेलं. मुलीने त्यांना आतली साडी दाखवली. त्यांनी मान हलवली.

"ही नको. ती काचेतली हाय ना, ती द्या. रोज बसमधनं बघती मी तिला."

मुलीने पाटीकडे बोट केलं. तुमच्या पाटीकडे, अण्णा. अजून आहे ती, एक कोपरा उडालाय. आजींना वाचता येत नव्हतं की वाचायचं नव्हतं, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगीही माझ्याकडे बघत राहिली, कारण हा नियम मीच सगळ्यांकडून घोकून घेतलेला आहे.

मी चपला काढल्या आणि काचेत चढले. भर दुपारी, रस्त्यावरची माणसं बघत असताना, हात सुटे केले, टाचण्या काढल्या, साडी उतरवली. आतून सुरकुत्या नीट करून, भोकं कुठे आहेत ती दाखवून आजींना दिली. त्या म्हणाल्या, असू दे भोकं. पिशवी छातीशी धरून गेल्या. तुम्ही जिंकलात. एवढी वर्षं भांडून शेवटी तुम्हीच जिंकलात, आणि हरताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग मागे बघितलं तर बाई तशीच उभी. भर रस्त्यावर. मी तिला पांढरं कापड गुंडाळलं, गाठ मारली, आणि अंगातला स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकला. एकेक बटण लावलं. टाचणी मात्र लावली नाही. मग रस्ता ओलांडून तुमच्या थांब्यावर जाऊन बसले आणि बघितलं. चांगलं दिसत होतं, अण्णा. मागे ती मातकट भिंत, पुढे तो चॉकलेटी रंग, रिकाम्या लोंबणाऱ्या बाह्या. मॅडमनी तेव्हा ओठ का दाबले होते ते मला आता कळलं.

परत आले तर दारात एक कॉलेजची मुलगी स्कूटर अर्धवट स्टँडवर लावून उभी होती. तोंडावरचा स्कार्फ खाली ओढून तिने विचारलं, "मॅम, हा कार्डिगन केवढ्याला आहे? हॅण्डमेड आहे ना?"

"विकायचा नाही," मी म्हणाले.

"मग लावलाय कशाला?"

आणि मला उत्तर आलं. तुमचंच होतं, त्या आमटीच्या दिवशी तुम्ही मला देऊन ठेवलं होतं, मीच तिथे शोधलं नाही.

"कोणीतरी थांबून बघावं म्हणून," मी म्हणाले. "आमच्या अण्णांचा आहे."

तिने स्कूटर नीट स्टँडवर लावली, काचेजवळ गेली, आणि बराच वेळ बघत उभी राहिली.